गार लागल्यावर येणाऱ्या मुंग्या आणि न जाणारा बधिरपणा: ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांसाठी

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी फोल्फॉक्स किंवा कॅपॉक्स (दोन्हींत ऑक्सॅलिप्लॅटिन असतं) ही केमो सुरू झाली की थोड्याच दिवसांत पेशंट म्हणू लागतो, "हातापायांना मुंग्या येतायत." डॉक्टरांसमोरही तो तेवढंच सांगतो. पण या एका तक्रारीमागे दोन वेगळे त्रास असू शकतात. दोन्ही ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधामुळे होतात आणि दोन्ही बोटांत जाणवतात. पहिला थंडीने चाळवतो आणि काही दिवसांत जातो. दुसरा हळूहळू साचत जातो आणि केमो संपल्यावरही मागे राहू शकतो. पहिल्यात ऊब हाच उपाय असतो, तर दुसऱ्यात तीच ऊब नकळत भाजू शकते. म्हणून दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत, पेशंटला आणि घरच्यांनाही.

पहिला त्रास औषध चढत असतानाच किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत सुरू होतो. ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्या बहुतेकांना तो कमी-अधिक प्रमाणात होतोच. फ्रिजमधली दुधाची पिशवी उचलली की बोटांतून करंट गेल्यासारखं होतं. सकाळी फरशीवर अनवाणी पाऊल टाकलं की तळवे झिणझिणतात. गार पाण्याचा घोट घेतला की घशात काहीतरी टोचतं, ओठांभोवती बधिर होतं. जेवताना पहिल्या घासाला जबड्यात कळ येते, कुणाची बोटं आखडतात, कुणाचा आवाज बदलतो. साधारण तिसऱ्या दिवशी हे सगळं जास्त असतं, मग उतरत जातं.

यातला सगळ्यात घाबरवणारा प्रकार घशाचा. श्वास अडकलाय, गिळता येत नाहीये असं वाटतं, पण श्वासनलिका प्रत्यक्षात बंद झालेली नसते. नसांची जाणीव फसलेली असते. असं थोड्यांनाच होतं. ते माहीत असलं की घरात धावपळ कमी होते: गार वाऱ्यातून आत यायचं, तोंडावर मऊ कापड धरून श्वास घ्यायचा, कोमट पाण्याचे छोटे घोट घ्यायचे. पुढच्या वेळी डॉक्टर हेच औषध नेहमीच्या दोन तासांऐवजी सहा तासांत चढवू शकतात, त्याने हा त्रास कमी होतो. मात्र अंगावर पुरळ, खाज, ओठ सुजणे, छातीत घरघर किंवा चक्कर यांपैकी काहीही असेल तर ती ॲलर्जी असू शकते, आणि या औषधाची ॲलर्जी बऱ्याच सायकल (केमोच्या फेऱ्या) नीट पार पडल्यावरही उद्भवते. सलाईन चालू असताना घशात काहीही वेगळं वाटलं तर कारण आपण शोधत बसू नये, लगेच सिस्टरना हाक मारावी.

दुसरा त्रास असा अचानक येत नाही. तो औषधाच्या एकूण साठ्याबरोबर वाढतो. फोल्फॉक्समध्ये दर दोन आठवड्यांनी शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ८५ मिलिग्रॅम, कॅपॉक्समध्ये दर तीन आठवड्यांनी १३० मिलिग्रॅम असा हिशोब असतो. सगळ्या सायकलची ही बेरीज ८०० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की कामात अडथळा येईल इतका त्रास होण्याची शक्यता ठळकपणे वाढते. हा त्रास व्हायला थंडी लागत नाही, भर मे महिन्यातही तो असतो. पायांच्या बोटांपासून आणि हातांच्या टोकांपासून तो मोजे-हातमोजे घातल्यासारखा वर सरकतो. ब्लाउजचे हूक लागत नाहीत, सुईत दोरा जात नाही, तांदूळ निवडताना खडा बोटाला कळत नाही, चप्पल पायातून निसटली तरी दोन पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं. डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, कारण पाय कुठे आहेत हे नसा सांगत नाहीत.

एकाच औषधाचे हे दोन चेहरे का, याचं उत्तर त्याच्या रेणूत आहे. शरीरात गेल्यावर त्यातून ऑक्सॅलेट हा भाग सुटतो. तो कॅल्शियमला धरून ठेवतो, त्यामुळे नसांमधल्या सोडियमच्या वाटांचं काम बिघडतं आणि थोड्याशा गारव्यानेही नस भडकते, असं मानलं जातं. तो भाग निघून गेला की नस शांत होते. उरलेलं प्लॅटिनम मात्र पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी पेशींच्या पुंजक्यांमध्ये साचतं आणि त्या पेशींना इजा करतं. तिथून ते सहजी बाहेर पडत नाही.

ओळखायचं कसं? माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: पुढच्या सायकलच्या आदल्या दिवशी काय शिल्लक आहे? बोटं मोकळी असतील, गार पाणी चालत असेल, तर तो पहिला त्रास होता. गारव्याशी संबंध नसताना बधिरपणा तसाच असेल, तर दुसरा सुरू झालाय असं धरून चालावं. मध्ये कुंपण पक्कं नाही. सायकल वाढतात तसा थंडीचा त्रास उतरायला जास्त दिवस घेतो, आणि पहिल्याच सायकलला ज्यांना तो जोरात होतो त्यांना पुढे टिकणारा बधिरपणा येण्याची शक्यता जास्त असते. ज्यांना मधुमेहामुळे आधीच पायाला मुंग्या होत्या त्यांनी ते पहिल्या सायकलआधीच सांगावं, नाहीतर नंतर जुनं काय आणि नवं काय हे कुणालाच कळत नाही. कॅपॉक्समधल्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. तो तिसराच प्रकार, त्वचेचा.

म्हणून डॉक्टरांना नुसतं "मुंग्या येतात" सांगू नका. "डॉक्टर, गार वस्तूला हात लागला तरच येतात, सहाव्या दिवशी गेल्या" असं सांगा. किंवा "आता रोजच असतात, शर्टाची बटणं मुलगी लावून देते" असं सांगा. या दुसऱ्या वाक्यावर डोस कमी होऊ शकतो, किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून बाकीची औषधं चालू ठेवता येतात. अनेक पेशंट हे लपवतात, मला याची फार काळजी वाटते. औषध थांबलं तर आजार परत येईल ही भीती त्यामागे असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण २०१८ साली सहा चाचण्यांतल्या १२ हजारांहून जास्त पेशंटची माहिती एकत्र करून तीन महिने विरुद्ध सहा महिने उपचार अशी तुलना झाली, तिसऱ्या स्टेजच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी. फोल्फॉक्स घेणाऱ्यांमध्ये मध्यम किंवा तीव्र बधिरपणा तीन महिन्यांच्या गटात सुमारे १७ टक्के, तर सहा महिन्यांच्या गटात सुमारे ४८ टक्के होता. कमी धोक्याच्या पेशंटसाठी तीन महिन्यांचं कॅपॉक्स पुरेसं ठरलं. प्रत्येकाला हे लागू होत नाही, पण डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येईल इतकी जागा इथे नक्की आहे.

पहिल्या त्रासात रोजचं जगणं सोपं करता येतं. केमोच्या दिवसापासून आठवडाभर, किंवा तुमचा त्रास टिकेल तितके दिवस, माठातलंसुद्धा पाणी नको, साधं किंवा कोमट प्या. ताक, दही, फळं आधी बाहेर काढून ठेवा. फ्रिज दुसऱ्या कुणीतरी उघडावा, नाहीतर दाराशी सुती हातमोजे अडकवून ठेवा. घरात चप्पल-मोजे घाला. भांडी-कपड्यांचं गार पाणी टाळा. डे-केअरमधला एसी सहन होत नाही, तिथे शाल आणि कानटोपी न्या, भर उन्हाळ्यातही. नाशिक-निफाडच्या थंडीत पहाटे दुचाकीवर निघायचं झालं तर नाकातोंडावर रुमाल हवाच.

इथे एक गफलत हमखास होते. शेजारच्या खाटेवरच्या बाई हातात बर्फाचे हातमोजे घालून बसलेल्या दिसतात, किंवा कुणी सांगतं, "तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळा." पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधात गार हातमोज्यांनी नसांचं थोडं रक्षण होऊ शकतं, आणि फक्त ५-एफयू हे केमोचं औषध झटकन देताना तोंडात बर्फ ठेवतात. ऑक्सॅलिप्लॅटिनवर मात्र हे करायचं नाही. त्यांची केमो वेगळी, तुमची वेगळी.

दुसऱ्या त्रासात नियम उलटतो. हाताला जाणीव कमी असताना गरम पाण्याची पिशवी, शेक, कढत पाण्यात पाय बुडवणं धोक्याचं. पाण्याचं तापमान कोपराने पाहा, किंवा घरच्या कुणाला पाहू द्या. गॅसवरून पातेलं सांडशीने आणि कापडाने उतरवा. रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवा, सैल स्लिपर टाळा, रोज तळपाय आरशात तपासा. काच रुतली तरी कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं.

आणि दोन्हींपेक्षा पूर्णपणे वेगळी एक थंडी: अंगात हुडहुडी भरून येते ती. केमोनंतर, विशेषतः दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, किंवा थंडी वाजून दातावर दात आपटू लागले, तर शाल पांघरून सकाळची वाट बघायची नाही. पॅरासिटामॉल घेऊन झोपायचंही नाही, त्याच वेळी हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं.

केमो संपल्यावर पेशंटना एका गोष्टीचा धक्का बसतो. औषध बंद झालं तरी बधिरपणा पुढचे दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त, वाढतच जातो. आजार परतला असा त्याचा अर्थ नसतो, साचलेल्या प्लॅटिनमचं काम चालू असतं. त्यानंतर बहुतेकांना हळूहळू उतार पडतो. फोल्फॉक्सच्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत उपचारादरम्यान सुमारे १२ टक्क्यांना तीव्र त्रास होता, वर्षभराने तो एक टक्क्याच्या आसपास आला. कमी-अधिक, बहुतेक सौम्य, खुणा मात्र चार वर्षांनंतरही सुमारे १५ टक्के लोकांत होत्या.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं सलाईन एके काळी सर्रास देत, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. बी-१२ रक्तात कमी असेल तर जरूर घ्या, पण ते या बधिरपणाचं औषध नाही. दुखणं, आग होणं असेल तर ड्युलॉक्सेटीनला चाचण्यांचा आधार आहे. ते वेदना कमी करतं, गेलेली जाणीव त्याने फारशी परत येत नाही, आणि ते डॉक्टरांनीच सुरू करायचं आणि हळूहळू बंद करायचं औषध आहे. तोल सावरण्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जाणं मला याहून कमी महत्त्वाचं वाटत नाही. भिंतीला धरून टाचा उचलणं, एका रेषेत पावलं टाकणं, हाताने कणीक मळणं, बटणं लावायचा सराव करणं असे साधे व्यायाम असतात. ते केमो चालू असतानाच सुरू करता येतात.