आयडलला अडखळणारी गाडी : सुपरचार्जर आणि हवेच्या हिशेबाची पार्श्वभूमी

सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा रेटणारा, इंजिनाच्याच जोरावर फिरणारा पंप. तो बसवून गाडी पहिल्यांदा सुरू केली की सगळ्यांचं लक्ष बूस्ट मीटरवर, म्हणजे हवेचा जादा दाब दाखवणाऱ्या काट्यावर असतं. तक्रार मात्र भलत्याच ठिकाणाहून येते. गाडी जागेवर उभी आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, आणि आरपीएमचा काटा सातशे ते बाराशेच्या मध्ये झोके घेतोय. कधी इंजिन मिसिंग मारतं, कधी क्लच दाबताच बंद पडतं. जोर लावला की सगळं सुरळीत. यातली गंमत अशी, की आयडलला, म्हणजे इंजिन असं नुसतं चालू असताना, सुपरचार्जर जवळजवळ रिकामाच फिरत असतो. थ्रॉटल, म्हणजे हवेची वाट उघडणारी झडप, बंद असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, वातावरणाच्या साधारण एक तृतीयांश इतकाच दाब उरलेला असतो. जे यंत्र त्या घडीला काहीच करत नाही, त्याच्यामुळे इंजिन अडखळावं कसं? उत्तर शोधायचं तर सुपरचार्जरच्या इतिहासासोबत हवा मोजण्याचा इतिहासही पाहावा लागतो.

ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरचा पूर्वज आणि त्याचंच दुसरं नाव, गाडीपेक्षा जुना आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल इथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये दोन फिरत्या पाळ्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. भट्ट्यांना हवा पुरवणं हे त्याचं काम. हे यंत्र स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही, फक्त एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला ढकलतं. पुढे अडथळा असला की दाब तयार होतो. पुढे १९०८ च्या सुमारास ली चॅडविक यांनी अमेरिकेत शर्यतीच्या गाडीला सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाने हवा दाबणारं यंत्र, जोडला.

मर्सिडीझने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या गाड्या विक्रीसाठी मांडल्या, तेव्हा त्यांची रचना आजच्या नजरेने फार शहाणी होती. ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला तरच क्लचमधून ब्लोअर जोडला जायचा आणि कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, हवा रेटायचा. पाय जरा उचलला की तो सुटा. म्हणजे आयडलला ही गाडी साध्या इंजिनासारखीच श्वास घ्यायची.

शर्यतींनी ही सोय मोडली. १९२३ मध्ये मोन्झाला फियाटने सुपरचार्जरच्या इंजिनावर ग्रां प्री जिंकली आणि त्यानंतर ब्लोअर इंजिनाला कायमचा जोडलेला असणं हीच रीत झाली. शर्यतपटू टिम बर्किन यांच्या आग्रहातून झालेल्या ‘ब्लोअर’ बेंटलीत तो क्रँकशाफ्टच्या टोकावर, रेडिएटरच्याही पुढे बसला. खुद्द कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा या प्रकाराला विरोध होता. तिथे कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी होते, त्यामुळे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी ब्लोअरमधून आणि मग लांब नळीतून इंजिनापर्यंत जायचं. जोरात चालताना यात अडचण नसे. आयडलला मात्र हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे थेंब थंड भिंतींवर चिकटतात आणि एका सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी अशी वाटणी होते. पण शर्यतीच्या गाडीच्या आयडलबद्दल तक्रार करणार कोण?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हौशी मंडळींना ट्रक-बसच्या भंगारात खजिना सापडला. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांना हवा आत ढकलायला रूट्स ब्लोअर लागतच असे. त्यातला ६-७१ इंजिनाचा ब्लोअर व्ही-८ च्या डोक्यावर चढवला की बॉनेटमधून बाहेर डोकावणारा तो ओळखीचा देखावा तयार व्हायचा. सोबत तीव्र कॅमशाफ्टही, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडाही, यायचा. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहिल्यामुळे आयडल खडबडीत व्हायचं, आणि तो धडधडाट भूषण मानला जायचा. ‘सुपरचार्जर म्हटला की आयडल असंच असणार’ ही समजूत बहुधा इथली वारसाहक्काने आलेली. माझ्या मते तिने नंतरच्या पिढीचं बरंच नुकसान केलं आहे. तो धडधडाट कॅमचा होता. मूळचा कॅमशाफ्ट तसाच ठेवून नीट बसवलेल्या सुपरचार्जरने आयडल बिघडायचं कारण नाही, आणि बिघडलं तर ते नशीब म्हणून सोडून द्यायचंही कारण नाही.

पन्नाशीच्या दशकात मॅककलकच्या सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरने पुन्हा कार्ब्युरेटरमध्ये हवा रेटायची पद्धत आणली; १९५७ च्या स्टूडबेकर गोल्डन हॉकवर तो कारखान्यातूनच येत असे. या पद्धतीत कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलवरही, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या वाटीवरही, तेवढाच दाब असावा लागतो आणि पेट्रोल पंपाने त्याहून जास्त जोर लावावा लागतो. म्हणून दाबाची खबर देणारी एक बारीक नळी इंधनव्यवस्थेला जोडली गेली. आज इंधनाचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला जाणारी रबरी नळी तिचीच वंशज आहे. ती निसटली किंवा चुकीच्या जागी जोडली गेली, तर इंधनाचा दाब चुकतो.

तोवर इंजिनात किती हवा गेली हे सहसा कुणी मोजत नव्हतं. कार्ब्युरेटर हवेच्या ओढीनुसार पेट्रोल सोडायचा, थोडं इकडेतिकडे झालं तर स्क्रू फिरवून निभावायचं. बॉशची डी-जेट्रॉनिक ही पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली आणि हिशेब सुरू झाला. तिथे मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधला जायचा. सत्तरच्या दशकात बॉशच्याच एल-जेट्रॉनिकने आत येणारी हवाच मोजायला घेतली, आधी हलत्या पडद्याने. पुढे ऐंशीच्या दशकात गरम तारेचे मास एअर फ्लो सेन्सर आले. दाब मोजणारी आणि वाहती हवा मोजणारी, अशी ही दोन घराणी आजही आहेत. तुमची गाडी कोणत्या घराण्यातली हे ठाऊक नसेल तर आयडलचा तपास आंधळ्या कोशिंबिरीसारखा होतो, कारण एकच दोष दोन्हीकडे वेगळा दिसतो.

समजा, थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी गॅस्केटमधून हवा शिरतेय. वाहती हवा मोजणाऱ्या गाडीत ही चोरवाटेची हवा सेन्सरला दिसतच नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, कमी पेट्रोल देतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन अडखळतं. दाब मोजणाऱ्या गाडीत तीच हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, ईसीयू तिच्यासाठीही पेट्रोल देतो आणि आयडल नुसतं चढून बसतं. दाबवाल्या गाडीत वेगळा सापळा असतो. मूळचा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचू शकतो, म्हणून बूस्टसाठी दोन बारचा, म्हणजे साधारण त्याच्या दुप्पट दाबापर्यंत वाचणारा सेन्सर बसवतात. त्याच दाबाला नवा सेन्सर जवळपास निम्माच व्होल्टेज देतो. ईसीयूमध्ये मोजपट्टी बदलली नाही तर त्याला निम्मीच हवा दिसते, आणि इंजिन धड सुरूही राहत नाही.

हे सगळं आयडललाच का उघडं पडतं, याचं गणित सोपं आहे. दोन लिटरचं इंजिन आयडलला सेकंदाला साधारण दोन-तीन ग्रॅम हवा घेतं. पूर्ण जोरात शंभर ग्रॅमच्याही वर. अर्धा ग्रॅमची गळती आयडलला वीस टक्क्यांची चूक ठरते, जोरात ती अर्धा टक्काही भरत नाही.

गळतीच्या जागाही इतिहासानेच वाढवून ठेवल्या आहेत. क्रँककेसमधली वाफ पुन्हा इनटेकमध्ये ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह अमेरिकी गाड्यांत साठच्या दशकात आला. ब्रेक बूस्टरची नळी त्याआधीपासून होतीच. या दोन्ही मॅनिफोल्डमध्ये कायम ओढच असेल या गृहीतावर घडल्या. सुपरचार्जर आल्यावर तिथे कधी ओढ, कधी रेटा असतो. एकदिशा व्हॉल्व्ह कच्चा निघाला तर क्रँककेसमध्ये बूस्ट शिरतो, नळ्या सुटतात, जुनं रबर तडकतं. आणि परिणाम दिसतो दुसऱ्या दिवशी सकाळी, आयडलला. सुपरचार्जरचं किट, म्हणजे तयार संच, बसवताना बूस्ट मीटरसाठी, जादा हवा वळवणाऱ्या बायपास झडपेसाठी टी-जोड टाकून नळ्यांची गर्दी आणखी वाढलेली असतेच.

नव्वदच्या दशकातल्या किट-युगाने एक वेगळाच गोंधळ मागे ठेवला, आणि तो इथे थोडा सविस्तर सांगायला हवा. फोर्ड मस्टँगच्या ५.० लिटर गाड्यांना १९८९ पासून सगळीकडे मास एअर फ्लो सेन्सर मिळाला. बदल सहन करणारी गाडी म्हणून ती हौशी लोकांची लाडकी झाली आणि सेंट्रिफ्यूगल किटची बाजारपेठ तिच्याभोवती वाढली. ईसीयूमध्ये शिरून आकडे बदलणं तेव्हा सोपं नव्हतं, म्हणून दोन पळवाटा निघाल्या. एक, बूस्टबरोबर इंधनाचा दाब झपाट्याने चढवणारा रेग्युलेटर. दुसरी जास्त धूर्त : मोठे इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, बसवायचे आणि त्या प्रमाणात कमी आकडा सांगणारा एअर फ्लो मीटर लावायचा. तासाला १९ पौंडाच्या इंजेक्टरच्या जागी ४२ पौंडाचे घातले, तर मीटरने खऱ्या हवेच्या जेमतेम ४५ टक्के सांगायचं. पेट्रोलचं गणित जुळतं. पण ईसीयू त्याच आकड्यावरून इंजिनावरचा भारही ठरवतो. भार कमी वाटला की तो ठिणगी आणखी आधी टाकतो, आयडलला लागणारी हवा ओळखण्यातही चुकतो. पेट्रोल बरोबर, ठिणगी चूक. असा दोष प्लग बदलून जात नाही. फोनवर ट्यून, म्हणजे ईसीयूमधले बदललेले आकडे, पाठवता येण्याच्या या काळातही असे मीटर जुन्या गाड्यांवर सापडतात, आणि ते सापडले की मी तरी आधी तेच काढायला सांगेन.

मोठ्या इंजेक्टरची स्वतःचीही एक खोड असते. वीज मिळाल्यापासून सुई उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि बॅटरीचं व्होल्टेज घसरलं तर त्याहून जास्त. आयडलला एकूण उघडण्याचा काळच दोन-तीन मिलिसेकंदांचा. इंजेक्टर दुप्पट क्षमतेचे झाले की कामाचा वेळ आणखी आखडतो, आणि हा मेलेला वेळ ईसीयूला अचूक सांगितलेला नसेल तर प्रत्येक फवाऱ्यात चूक होते. हेडलाइट किंवा रेडिएटरचा पंखा लागला की आयडल कोसळत असेल, तर संशय इथे घ्यावा.

वापरात नसताना सुपरचार्जरचं काय करायचं, हा मर्सिडीझचा जुना प्रश्नही पुन्हा वर आला. टोयोटाने १९८६ च्या सुपरचार्ज्ड एमआर२ मध्ये विद्युतचुंबकी क्लच वापरला. सुपरचार्जर बनवणाऱ्या ईटनने १९८९ च्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूपमध्ये ब्लोअर सतत फिरता ठेवला, पण निर्वाताने उघडणारी बायपास झडप देऊन हवा आतल्या आत फिरवली. ती आतच फिरत असल्यामुळे हिशेब बिघडत नाही. सेंट्रिफ्यूगल किटमध्ये मात्र झडप कॉम्प्रेसर आणि थ्रॉटलच्या मध्ये असते. तिचं तोंड, आवाजाच्या हौसेपायी, बाहेर उघडं ठेवलं आणि एअर फ्लो सेन्सर कॉम्प्रेसरच्या आधी असला, तर मोजलेली हवाच बाहेर निसटते आणि मिश्रण जाड होतं. स्प्रिंग मऊ असेल तर ती आयडललाही उघडी राहते. ही हवा सेन्सरच्या पुढे पण कॉम्प्रेसरच्या आधी परत सोडली की प्रश्न संपतो.

काटा लयीत वरखाली होणं, म्हणजे हंटिंग, हे मात्र नेहमी गळतीचं लक्षण नसतं. रूट्स किंवा स्क्रू (एकमेकांत गुंतलेल्या मळसूत्री दांड्यांच्या) प्रकारात थ्रॉटल ब्लोअरच्या आधी असतो. थ्रॉटलपासून व्हॉल्व्हपर्यंत ब्लोअर, हवा थंड करणारा इंटरकूलर, मॅनिफोल्ड अशी मोठी पोकळी तयार होते. आयडलची हवा सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हने हवा वाढवली तरी दाब चढायला उशीर लागतो, तोवर ईसीयू आणखी हवा देतो, मग जास्त झाली म्हणून कापतो. यावर उपाय ठिणगीचा. ठिणगी पुढेमागे केली की परिणाम पुढच्याच स्फोटात दिसतो, म्हणून ट्यूनर छोटे चढउतार ठिणगीने आवरतात आणि हवेची दुरुस्ती मुद्दाम आळशी ठेवतात.

तपास सोपा झाला तो १९९६ पासून, अमेरिकेत नव्या कारना ओबीडी-२, म्हणजे ईसीयूला स्कॅनर जोडून दोष वाचण्याची समान पद्धत, सक्तीचं झालं तेव्हा. व्होल्वोने १९७६ मध्ये आणलेल्या, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन ओळखणाऱ्या लॅम्डा सेन्सरमुळे ईसीयू पेट्रोलची दुरुस्ती करतच होता. आता ती दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, कोणत्याही स्कॅनरवर वाचता येऊ लागली. वाहती हवा मोजणाऱ्या गाडीत आयडलला ट्रिम अधिक वीस टक्क्यांच्या आसपास आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ असेल, तर गळती शोधा. इनटेकमध्ये धूर सोडून पाहण्याच्या चाचणीत ती बहुधा काही मिनिटांत दिसते. आयडलला ट्रिम उणे असेल तर इंजेक्टरची मोजपट्टी किंवा बाहेर उघडणारी झडप पाहा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर एअर फ्लो सेन्सरची मोजपट्टी किंवा इंधनाचा दाब. ट्रिम ठीक असूनही इंजिन थरथरत असेल, तरच प्लगचा गॅप, कॉइल आणि पट्ट्याचा ताण यांच्याकडे वळावं. पुष्कळदा नेमकी उलटी सुरुवात होते, कारण प्लग हाताशी असतात आणि ट्रिम वाचायला आधी स्कॅनर जोडावा लागतो.