वीसचा आकडा आला कुठून?

कमी पटाच्या शाळांचा विषय निघाला की '२० पेक्षा कमी' हे शब्द कायद्यातल्या कलमासारखे उच्चारले जातात. वर्तमानपत्रं तसंच छापतात, साहेब तसंच बोलतात, आणि हल्ली शिक्षकही स्वतःच्या शाळेबद्दल सांगताना 'आपली वीसच्या आतली' असं खाली मान घालून सांगतात. हा आकडा मुळात कशासाठी होता, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्या हाती गेला, इथपासून सुरुवात केली तरी पुरे. डोंगरातल्या वाड्या, पाडे, धनगरवस्त्या यांना शाळा मिळता मिळता पुढची तीसेक वर्षं गेली, आणि मिळाली ती बहुधा एकशिक्षकी. १९८७ नंतरच्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत असं मानलं. 'द्विशिक्षकी शाळा' हा आपल्याकडचा नेहमीचा शब्द त्यानंतर खऱ्या अर्थाने रुळला. २००० च्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या. गावातलाच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, अगदी तुटपुंजं मानधन, आणि वर्ग देवळात नाहीतर कुणाच्या पडवीत. यातल्या बऱ्याच शाळा पुढे रीतसर प्राथमिक शाळा झाल्या आणि तिथले स्वयंसेवक २०१४ मध्ये नियमित शिक्षक झाले. म्हणजे आज ज्या शाळा 'फारच छोट्या' म्हणून डोळ्यांत खुपतात, त्यातल्या कित्येक छोट्या असणार हे माहीत असूनच उघडल्या होत्या. दहा घरांच्या वस्तीत शंभर मुलं कुठून येणार?

आता 'पट' या शब्दाकडे. वरवर सोपा शब्द, पण त्याच्या पोटात तीन आकडे आहेत. एक हजेरीपत्रकावरचा. दुसरा प्रत्यक्ष वर्गात बसलेला. तिसरा गेल्या काही वर्षांतला, म्हणजे आधार जुळलेल्या मुलांचा, आणि संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवताना, आता तोच धरतात. आधारवर नाव 'सुनीता', दाखल्यावर 'सुनिता', एवढ्यावरसुद्धा एक मूल पटातून गळू शकतं. चाळीसच्या पटात ते खपून जातं. एकवीसच्या पटात तेच एक मूल दुसऱ्या शिक्षकाची जागा घालवू शकतं.

पटावरचा अविश्वास जुना आहे. १९९५ पासून पटावर तांदूळ मिळू लागला, शिक्षकांच्या जागा तर पटावरच ठरत होत्या, त्यामुळे पट फुगवण्यात अनेकांचा फायदा होता. शेवटी ३ ते ५ ऑक्टोबर २०११ अशी तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. आमच्या शाळेत तेव्हा १४ मुलं. जीप रस्ता संपतो तिथे थांबली, पथक पाऊण तास चढून आलं. मोजणी तीन मिनिटांत झाली, मग बोटांना शाई लावली. पहिलीतल्या एकीने घरी जाऊन आईला सांगितलं, "मी मत देऊन आले." त्या पडताळणीत राज्यात लाखांनी मुलं फक्त कागदावर सापडली. पण माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे : १४ मुलांच्या शाळेत पंधरावं खोटं मूल लपवायचं कुठे? लबाडी मोठ्या पटात मुरते. संशय मात्र पुढे छोट्या पटावर जाऊन बसला.

आता वीसचा आकडा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. ६० ही वरची मर्यादा, खालची मर्यादा दिलेलीच नाही. मग २० आलं कुठून? ते राज्याच्या २०११ च्या नियमांतून. पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत हवी, आणि त्या परिसरात सहा ते अकरा वयाची निदान २० मुलं असावीत, असा तो नियम. ही अट नवी शाळा उघडण्याची आहे. उघडलेली शाळा पट १९ झाला की मिटवावी, असं त्यात नाही. पण उंबरठा ओलांडून आत यायची अट आणि घरात राहायची अट यांची पुढे गल्लत झाली. ती चुकून झाली की सोयीने, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला सोय दिसते.

डिसेंबर २०१७ मध्ये पहिली रेघ दहावर मारली गेली. दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळांची मुलं जवळच्या शाळेत पाठवायचं ठरलं. कागदावर 'बंद' हा शब्द टाळला होता, शब्द होता 'समायोजन'. पूर्वी जादा शिक्षकांचं समायोजन व्हायचं, आता शाळांचं होऊ लागलं. 'जवळच्या' म्हणजे किती जवळच्या यावरून खूप भांडणं झाली. नकाशावर एक किलोमीटर भरणारी वाट जुलैत ओढा भरला की तीन किलोमीटरची होते, आणि सहा वर्षांचं मूल नकाशावरून चालत नाही.

२०२२ मध्ये वीसच्या आतल्या शाळांची माहिती मागवली गेली, तेव्हा संख्या १४ हजारांवर निघाली. सप्टेंबर २०२३ च्या पत्रात 'समूह शाळा', म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी, हा नवा शब्द आला आणि नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं गेलं. शाळा बंद करणार नाही, असं दर वेळी जाहीर होतं. ते खरंही मानता येईल, कारण पुढचा मार्ग शिक्षकांच्या बाजूने काढला गेला. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने वीसपर्यंतच्या शाळेत नियमित शिक्षक एकच, दुसरा मिळालाच तर निवृत्तांपैकी. तिसऱ्या शिक्षकासाठी ६१ ऐवजी ७६ मुलं. सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी मुलं असतील तर मंजूर शिक्षक शून्य. त्याच सप्टेंबरात दुसऱ्या जागेवर १५ हजार मानधनाचा कंत्राटी शिक्षक आला, शिक्षक सामूहिक रजेवर गेले, त्याच महिन्यात मर्यादा वीसवरून दहावर उतरली, आणि २०२५ च्या सुरुवातीला ती कंत्राटी तरतूदही मागे घेतली गेली.

गुणवत्तेचा मुद्दा खोटा नाही, हेही सांगायला हवं. एकच शिक्षक, समोर चार इयत्ता, वर बैठका, खिचडीचा हिशोब आणि मतदारयाद्या. तो महिन्यातले किती दिवस खरोखर शिकवतो, हे मी स्वतः मोजलेलं आहे आणि आकडा सांगायला लाज वाटते. पण तो दोष शाळेच्या आकाराचा नाही. चार इयत्ता एकत्र बसवून गटागटाने शिकवणं जमतं. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे देखरेखीसाठी केलेला शाळांचा गट) शाळा पाहायला मध्यंतरी राज्यभरातून शिक्षक जात होते. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचा पट २०२२ मध्ये ३ वर आला होता. तीच शाळा शंभराच्या वर गेली आणि २०२५ मध्ये जागतिक पुरस्कार घेऊन आली. तिला वेळेवर समायोजित केलं असतं तर?

आणि उरलंय कोण या शाळांत? २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मोकळी झाली. गावात पिवळी व्हॅन येऊ लागली तशी ज्यांच्याकडे फीपुरते पैसे होते त्यांची मुलं तिच्यात बसली. मागे राहिली ती कातकरी, ठाकर, धनगर, भिल्ल यांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची. पट मोजायचा ३० सप्टेंबरला, आणि टोळ्या हलतात त्याच्या आसपास किंवा दिवाळीनंतर. जानेवारीत त्याच शाळेत आजीजवळ ठेवलेली चार-पाच मुलं दिसतात.

बीडकडच्या एका मुख्याध्यापकांनी सांगितलेलं. कर्नाटकातले कारखाने त्या वर्षी लवकर पेटणार होते, मुकादमाची गाडी २८ सप्टेंबरला यायची होती. हे २७ ला संध्याकाळी तांड्यावर गेले, चहा घेतला आणि म्हणाले, "नाना, दोन दिवस थांबता येतंय का बघा. तुमची तीन पोरं गेली तर मी अठरावर येतो."