गिट असलं की चेंजलॉग नको?

‘गिटमध्ये सगळा इतिहास असतोच, मग वेगळी चेंजलॉग फाइल कशाला?’ असं ओपन सोर्सवाल्यांमध्ये बरीच वर्षं फिरतंय. (गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन; चेंजलॉग म्हणजे कोणत्या आवृत्तीत काय बदललं याची यादी.)

यातलं अर्धं खरं आहे. पूर्वी कोणत्या फाइलमधलं कोणतं फंक्शन कुणी कधी बदललं, हे चेंजलॉगमध्ये हाताने लिहीत. ते काम आता गिट चोख करतं. तसली फाइल खरंच नको.

पण वापरणाऱ्याला हवं असतं वेगळंच: अपग्रेड केलं तर माझं काय मोडेल? पडताळून पाहा. एखाद्या प्रकल्पाचे लागोपाठचे दोन टॅग (आवृत्त्यांना दिलेल्या खुणा) घ्या आणि मध्ये दोन टिंबं देऊन ‘गिट लॉग --वनलाइन’पुढे लिहा. ‘टायपो दुरुस्त’, ‘रिव्ह्यूनुसार बदल’, ‘टेस्ट पुन्हा चालू’ अशा ढिगात ‘जुना कॉन्फिग पर्याय काढला’ ही कामाची ओळ शोधत बसावं लागतं. रिलीजची टारबॉल (कोडची एकत्र बांधलेली फाइल) उघडली तर तिच्यात सहसा गिटचं फोल्डरच नसतं. ‘--डेप्थ 1’ देऊन क्लोन केलं (प्रकल्पाची प्रत उतरवली), तर इतिहास एका कमिटपुरता, म्हणजे नोंदवलेल्या एकाच बदलापुरता. आणि पुश झालेला (सगळ्यांकडे पोचलेला) कमिट संदेश बदलायचा, तर तिथून पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, बदलतो. फाइलमधली ओळ मात्र सरळ सुधारता येते.

चेंजलॉग फाइलचा त्रास आहे तो मर्ज कॉन्फ्लिक्टचा (दोघांचे बदल एकमेकांवर आदळण्याचा), कारण सगळेच वरच्या एकाच जागी नोंद घालतात. यावर चांगला उपाय म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद छोट्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवणं आणि रिलीजच्या वेळी त्या जोडणं. गिटॲट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मर्ज=युनियन’ (दोन्हीकडच्या ओळी ठेव) लावूनही भागतं, पण मग ओळींचा क्रम एकदा डोळ्यांखालून घाला.