पोटातल्या चौदा सुया

खान्देशात कुत्रं चावलं की आजही पहिला प्रश्न हाच असतो: पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील का? गेल्या पावसाळ्यात पारोळ्याकडे आमच्या सालदाराच्या मुलाच्या पोटरीला पिसाळलेलं कुत्रं चावलं. मी पोचलो तेव्हा आजीने जखमेत लाल तिखट दाबून वर फडकं बांधलं होतं. दवाखान्याचं नाव काढताच ती म्हणाली, "पोटमा चौदा सुया? नको." ती इंजेक्शनं सरकारी दवाखान्यांतून जाऊन वीस वर्षं झाली. पण आजीची भीती अडाणीपणाची नव्हती. तिच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

1879 मध्ये फ्रान्समधल्या गाल्तिए या पशुवैद्याने रेबीजच्या अभ्यासासाठी सशांचा वापर सुरू केला. रेबीज झालेला ससा बहुधा चावत नाही, लुळा पडतो, त्यामुळे त्याच्यावर काम करणं सोपं. पुढे लस शोधणारे लुई पाश्चर आणि त्यांचे सहकारी रू यांनी कवटीला छिद्र पाडून विषाणू थेट सशाच्या मेंदूत सोडला. एका सशातून दुसऱ्यात असं नेत नेत आजार दिसायला लागणारा काळ सातेक दिवसांवर स्थिर झाला. त्या सशांचे मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगून विषाणूचा जोर कमी केला आणि 6 जुलै 1885 रोजी पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला या लसीची पहिली सुई दिली. तीही पोटाच्या कातडीखाली.

त्याच दशकात इटलीत दि वेस्तेआ आणि झागारी यांनी प्राण्यांच्या मांडीतल्या मोठ्या मज्जातंतूत विषाणू टोचला. आधी तोच पाय लुळा पडला, मग आजार वर चढला. विषाणू मज्जातंतूच्या वाटेने जातो हे त्यातून दिसलं. म्हणून तोंडाला चावलेलं जास्त घातक; पोटरीपासून मेंदूपर्यंतची वाट लांब असते. विषाणू जखमेत असतो तोवर त्याला गाठता येतं. त्याच्यावरचं स्निग्ध आवरण साबणाने विरघळतं. तिखटाने असं काहीच होत नाही, उलट जखम आणखी चिडते.

भारतात 1900 मध्ये कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली. तिथे डेव्हिड सेम्पल यांनी 1911 मध्ये फिनॉल या रसायनाने विषाणू मारून लस बनवली. स्वस्त आणि टिकाऊ असल्याने ती देशभर पोचली. ती तयार व्हायची मेंढीच्या मेंदूत, म्हणजे चौदा दिवस रोज माणसाच्या पोटात मेंढीच्या मेंदूचा अंश जायचा. तिने असंख्य जीव वाचवले, हे आधी सांगितलं पाहिजे. पण केळीच्या मळ्यातल्या मोटारीच्या वायरीवर प्लास्टिक असतं तसं मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, आणि मेंढीचं मायलिन आपल्याशी फार मिळतंजुळतं. काहींच्या शरीराची संरक्षक यंत्रणा मेंढीच्या मायलिनवर चिडायची आणि स्वतःचंच सोलायला लागायची. सुया घेता घेता पाय गेलेल्या माणसाची गोष्ट आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. मला ती खरी वाटते.

हा दोष विषाणूचा की लसीतल्या मेंदूचा? 1930 च्या दशकात न्यूयॉर्कला थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचला. विषाणू नव्हताच, तरी काही माकडं लुळी पडली आणि त्यांचं मायलिन गेलेलं दिसलं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिन झिजवणाऱ्या आजाराच्या संशोधनात आजही प्राण्यांमध्ये तसाच आजार घडवून अभ्यास करतात; ती पद्धत या प्रयोगांतून आली. पुढे चिलीत नवजात उंदरांच्या मेंदूत लस वाढवली गेली, कारण त्या वयात मायलिन जवळजवळ नसतं. मग पेशींमध्ये वाढवलेल्या लसी आल्या आणि 2005 च्या सुमारास भारताने मेंढीच्या मेंदूची लस थांबवली.

विषाणूची स्वतःची इजा मात्र वेगळी आहे. पोलिओ मज्जारज्जूतल्या पेशी मारतो. रेबीजने गेलेल्याचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बऱ्याचदा जवळपास धड दिसतो. चेतापेशी चमकतील असे बदललेले उंदीर वापरून 2008 मध्ये पाहिलं, तेव्हा पेशी उभ्या होत्या, पण त्यांच्या लांब फांद्यांवर मण्यांसारख्या गाठी आल्या होत्या.

त्या दिवशी आम्ही तिखट धुऊन काढलं. बोअरच्या नळाखाली, कपड्याच्या साबणाने, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग दवाखान्यात जखमेत सीरम, म्हणजे विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडं, आणि दंडावर लस, चार खेपा. चौथ्या खेपेला आजी स्वतः नातवाचा हात धरून दवाखान्यात आली.