कॅरमवाल्याचा पांढरा बॉल का थांबत नाही

आमच्याकडे कोकणात पावसाळा म्हणजे कॅरम. बाहेर धो धो आणि आत पडवीत बोर्ड, पावडर, हरेल त्याने चहा करायचा. त्यामुळे रत्नागिरीत पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा टेबलावर क्यूने (लांब काठीने) बॉल मारायचा खेळ, शिकायला गेलो तेव्हा वाटलं अर्धं काम तर झालेलंच आहे, चाराऐवजी सहा पॉकेट्स एवढाच काय तो फरक! पहिल्याच आठवड्यात माज उतरला, म्हणजे बॉल जायचा हो, पण त्याच्या मागोमाग पांढरापण, म्हणजे ज्याला क्यूने मारायचं तो, पॉकेटात जायचा, फाऊल.

गोम वजनात आहे. स्ट्रायकर असतो १५ ग्रॅमपर्यंत आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची, जवळजवळ तिप्पट फरक, म्हणून अगदी सरळ ठोकली तरी स्ट्रायकर साधारण निम्म्या वेगाने पुढेच जातो, आणि कितीही तिरकी लावा, तो आपल्या रेषेपासून वीसेक अंशांच्या पलीकडे वळत नाही. हाताला तीच सवय. पूलमध्ये मात्र सगळे बॉल सारख्याच वजनाचे, त्यामुळे सरळ टक्कर झाली की वेग सगळा पुढच्याला मिळून पांढरा जागेवर ठप्प व्हायला पाहिजे.

मग माझा का होत नव्हता?

आम्हाला शिकवायला दोघं, एक सर आणि एक दादा, आणि दोघांचं वेगळंच. सर म्हणायचे कट मारलास, म्हणजे बॉलला तिरका लावलास, की पांढरा पुढच्या बॉलच्या रेषेशी नव्वद अंशात फुटतो. दादा पांढरा आपल्या आधीच्या रेषेपासून किती वळतो ते दाखवायला दोन बोटांचा व्ही करून टेबलावर धरायचा, "नव्वद बिव्वद काय नाय, तीस धर." मी महिनाभर कन्फ्यूज. नंतर कळलं दोघंही बरोबर आहेत, सरांचा बॉल टक्कर होताना नुसता घसरत असतो, दादाचा गोल गोल लोळत असतो. सोंगटी चपटी, ती आयुष्यात लोळत नाही, म्हणून हा प्रकार आम्हा कॅरमवाल्यांच्या डोक्यातच येत नाही. लोळणारा बॉल धडकला की त्याचा पुढे जायचा वेग जातो पण फिरकी शिल्लक राहते, आणि तीच कापडाला पकडून त्याला परत पुढे ओढते. बॉलच्या मधोमध मारलं तर तो आधी घसरतो, कापडाचं घर्षण त्याला हळूहळू फिरवतं, आणि पूर्ण लोळायला लागेपर्यंत मूळ वेगाचे सातातले पाचच भाग उरतात. म्हणून लांबच्या शॉटला बॉलच्या मधल्यापेक्षा खाली मारायचं, म्हणजे त्याने मिळालेली उलटी फिरकी वाटेत खर्च होऊन धडकताना शून्य झालेली असेल.

"खालीच मारतोय सर!" मी रोज वैतागायचो. एक दिवस सरांनी पांढरा उचलला, त्याजागी पट्ट्याचा बॉल ठेवला, पट्टा आडवा करून, आणि क्यूला चॉक लावून म्हणाले आता मार. मारला. बॉल हातात घेऊन बघतो तर चॉकचा निळा ठिपका पट्ट्याच्या बरोब्बर मध्ये! मला खाली वाटत होतं ते खाली नव्हतंच. मग दादाने मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं, त्यात पट्टा आधी उलटा, मग क्षणभर स्थिर, मग सुलटा फिरताना दिसला. पुस्तकातलं पान समजायला मला या एका व्हिडिओइतकी मदत कधी झाली नव्हती. कोच नक्की कशाला लागतो तर यालाच, हाताला काय वाटतं आणि खरंच काय झालं यातला फरक दाखवायला.

जाता जाता, वादळं गरगर फिरतात ती ज्याच्या नावाच्या बलामुळे, त्याच कोरिऑलिसने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलंय. २०२० मध्ये निसर्ग वादळाने आमच्या माडांची वाट लावली त्याचं गणित आणि पूलच्या टेबलाचं गणित एकाच माणसाकडे निघावं, मजाच आहे.

मे महिन्यापर्यंत माझा पांढरा दहातून सात वेळा थांबायला लागला. जूनमध्ये पाऊस लागला आणि परत पुढे पळायला लागला, मी म्हटलं विसरलो की काय सगळं. सरांनी कापडावर हात फिरवला. कापड लोकरीचं, हवेतलं पाणी पितं, पापडासारखं सादळतं, टेबल जड होतं, म्हणजे घर्षण वाढतं, आणि उलटी फिरकी लवकर मरते.

"आजपासून अजून थोडं खाली," सर म्हणाले, आणि पट्ट्याचा बॉल परत काढला.