शुक्राचा खरा रंग

शाळेच्या पुस्तकात आणि भिंतीवरच्या तक्त्यात शुक्र भट्टीतल्या निखाऱ्यासारखा नारिंगी दिसतो. ते चित्र बहुतेक वेळा मॅगेलन यानाचं असतं. १९९० मध्ये शुक्राभोवती फिरू लागलेल्या या यानाने रडारने जवळपास सगळा पृष्ठभाग टिपला. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात, पण त्यांना रंग कळत नाही. खडबडीत जमीन उजळ आणि सपाट जमीन काळपट, एवढंच त्यातून मिळतं. नारिंगी छटा नासाने नंतर भरली. त्यात लबाडी नव्हती, पण चित्राखाली ते न सांगता छापत राहणं मला चुकीचं वाटतं.

ती छटा आली सोव्हिएत यानांकडून. १ मार्च १९८२ रोजी व्हेनेरा १३ शुक्रावर उतरलं. तिथे सुमारे ४६० अंश सेल्सिअस उष्णता आणि पृथ्वीच्या जवळजवळ ९० पट हवेचा दाब. तरीही यान १२७ मिनिटं टिकलं आणि त्याने तिथले पहिले रंगीत फोटो पाठवले. पाठोपाठ व्हेनेरा १४ चेही आले. त्यांतले चपटे खडक, माती, सगळंच नारिंगी. पण हा रंग दगडांचा नाही, उजेडाचा आहे. दाट वातावरणातून निळा प्रकाश खालपर्यंत जवळपास पोहोचतच नाही. १९८६ मध्ये शास्त्रज्ञ कार्ले पीटर्स आणि त्यांच्या अमेरिकी-सोव्हिएत सहकाऱ्यांनी उजेडाचा हा परिणाम वजा करून पाहिलं, तेव्हा खडक गडद करडे निघाले. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाप्रमाणे तेही बेसॉल्टच असावेत.

निळसर पट्ट्यांचं दुसरं प्रसिद्ध चित्र नासाच्या मरिनर १० यानाचं, फेब्रुवारी १९७४ मधलं. तेही डोळ्यांना दिसणारं नव्हे. कॅमेरा अतिनील प्रकाश टिपत होता. हे पट्टे खगोलशास्त्रज्ञ फ्रँक रॉस यांना अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून १९२७ मध्येच अतिनील फोटोंत सापडले होते.

मग अवकाशातून शुक्र साध्या डोळ्यांना कसा दिसेल? फिकट पिवळसर पांढरा आणि जवळपास कोरा. सल्फ्युरिक आम्लाचे ढग त्याच्यावर पडणारा तीनचतुर्थांश प्रकाश परत फेकतात, म्हणून तर शुक्राची चांदणी एवढी लखलखते. २००७ मध्ये शेजारून गेलेल्या मेसेंजर यानालाही असाच गुळगुळीत गोळा दिसला. अतिनील प्रकाश शोषून ते काळे पट्टे उमटवणारा पदार्थ कोणता, यावर मात्र शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. गंधकाची संयुगं, लोहाचं क्लोराइड असे बरेच उमेदवार आहेत.