द्युब्वा की डुबॉइस? रानातून निघालेल्या एका फ्रेंच आडनावाची पार्श्वभूमी

मावशीची केमो चालू होती तेव्हा दर खेपेला नर्स आधी तिचं वजन करायची, मग उंची बघायची आणि कागदावर लिहायची, ५४ किलो, १५५ सेंटिमीटर, आणि त्यापुढे १.५२ चौरस मीटर. हे म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, बऱ्याच केमोच्या औषधांचा डोस त्यावरून काढतात. त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात एक नाव असायचं, डुबॉइस. मी विचारलं हे कोण, तर म्हणाले फॉर्म्युल्याचं नाव आहे. घरी येऊन शोधायला बसले आणि त्या नावाचा माग काढता काढता कुठल्या कुठे जाऊन पोचले, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

फॉर्म्युला १९१६ चा, अमेरिकेतला, डेलाफिल्ड आणि यूजीन डुबॉइस या दोघांचा. त्यांनी माणसांच्या अंगावर कागद चिकटवून अक्षरशः साचे बनवले, ते सोडवून तुकडे तुकडे कापून सपाट केले आणि त्यांचं क्षेत्रफळ मोजलं, तेही फक्त नऊ जणांचं. त्या नऊ जणांवरून बसवलेलं गणित आज शंभर वर्षांनंतरही मावशीच्या कागदावर येतं याचं मला खरंच नवल वाटलं.

पण नाव काही अमेरिकेतलं नाही. ते फ्रेंच आहे, तिकडे उच्चार द्युब्वा, आणि अर्थ एकदम साधा. फ्रेंचमध्ये ब्वा म्हणजे रान, लाकूडही तेच, आणि द्यु म्हणजे 'च्या', तर द्युब्वा म्हणजे रानाचा, रानाकडचा. गावात दोन पिएर असतील तर एक पुलाजवळचा पिएर आणि एक रानाकडचा पिएर, इतकीच त्यामागची भानगड. पुलाजवळचा तो द्युपाँ, दरीतला द्युव्हाल, शेताकडचा द्युशाँ, भट्टीजवळचा द्युफूर. आपल्याकडे आडनावाला शेवटी कर लागतो आणि कुठला ते कळतं, तिकडे तेच काम सुरुवातीच्या द्यु ने होतं. काही लोकांना हा द्यु बघून वाटतं की सरदार घराणं असणार, कारण फ्रेंच उमराव नावात 'द' लावायचे, पण द्युब्वा हा निव्वळ पत्ता आहे, त्यात खानदानाचं काही नाही.

आणि यातूनच पुढची गोष्ट येते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रान काही एकाच गावाला नव्हतं. मध्ययुगात फ्रान्सभर असंख्य गावांच्या कडेला रान होतं आणि प्रत्येक ठिकाणी रानाकडचा कोणीतरी होताच, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी आपापलं उगवलं. आज ते फ्रान्समधल्या सर्वात जास्त आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत आहे, बेल्जियमच्या फ्रेंच भाषक भागातही ढिगाने आहे, पण दोन द्युब्वा भेटले म्हणून ते भाऊबंद असतीलच असं अजिबात नाही. दक्षिणेकडे त्याच अर्थाचं देलबॉस आहे, नॉर्मंडीकडे द्युबॉस्क, प्रत्येक बोलीने आपल्या परीने रान म्हटलं.

आधी ही नावं तोंडी चालायची, बापाचं एक आणि मुलाचं दुसरंही असू शकायचं. हळूहळू ती वंशपरंपरेने चालू लागली, मग १५३९ मध्ये राजा पहिला फ्रान्सिस याने व्हिलेर-कॉतरे इथे हुकूम काढला की चर्चने बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवायच्या, त्याने नावं कागदावर आली. राज्यक्रांतीत १७९४ च्या कायद्याने तर सांगूनच टाकलं की जन्मनोंदीत जे नाव आहे त्याखेरीज दुसरं कोणी लावायचं नाही. तिथून आडनाव पक्कं झालं.

उच्चाराचं काय, तर इथे खरी मजा आहे. लिहिताना अक्षरं 'बॉइस' अशी आहेत आणि आज म्हणतात ब्वा. पण बाराव्या शतकाच्या आसपास ते जवळजवळ बॉइस असंच म्हणत असत! पुढे त्याचं ब्वे झालं, राजदरबारात ब्वे च चालायचं, आणि राज्यक्रांतीनंतर पॅरिसच्या साध्या लोकांचं ब्वा प्रमाण ठरलं. जुना उच्चार कुठे ऐकायचा असेल तर आपल्याच रोजच्या बोलण्यात ऐका, चॉइस आणि व्हॉइस हे शब्द इंग्रजांनी त्या जुन्या फ्रेंचकडून घेतले आणि आपण इंग्रजीतून घेतले. फ्रेंच लोक स्वतः आज त्यांना श्वा आणि व्ह्वा म्हणतात. म्हणजे ती जुनी 'ऑइ' आपण पुण्या-मुंबईत रोज बोलतोय.

मग काही द्युब्वांनी नावाचं भाषांतरच केलं. सोळाव्या शतकात विद्वान माणूस लॅटिनमध्ये लिहायचा आणि नावही लॅटिन करायचा, लॅटिनमध्ये रान म्हणजे सिल्व्हा, म्हणून पॅरिसचे शरीरशास्त्राचे शिक्षक जाक द्युब्वा झाले याकोबुस सिल्व्हियस. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया घालणारा व्हेसेलियस हा त्यांचाच विद्यार्थी, ज्याने जुन्या ग्रीक वैद्य गेलनच्या चुका दाखवल्या आणि त्यावरून गुरू इतके भडकले की त्याच्या नावाची मोडतोड करून त्याला छापील पुस्तकात वेडा म्हणाले. याच सिल्व्हियसनी १५३१ मध्ये फ्रेंच भाषेचं व्याकरणही लिहिलं, तेही लॅटिनमध्ये.

दुसरे सिल्व्हियस शंभर वर्षांनंतरचे, त्यांचं मूळ नाव फ्रान्स द ल बोए, अर्थ तोच, रानाचा, फक्त उत्तरेकडच्या बोलीतला. घराणं प्रोटेस्टंट, म्हणून उत्तरेकडून जर्मनीत गेलेलं, हे १६१४ मध्ये तिथे हानाऊला जन्मले आणि पुढे हॉलंडमध्ये लायडनला प्रोफेसर झाले. कानशिलावर बोट ठेवलं तर साधारण त्याच्या आत मेंदूत एक खोल घळ आहे, तिला सिल्व्हियन फिशर म्हणतात, ती यांच्या नावाची. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ती पाठ करतात, आणि त्याच पोरांनी पुढे केमोचा डोस काढताना डुबॉइस फॉर्म्युला वापरला की एकाच शब्दाची दोन रूपं त्यांच्या हातून जातात, आणि हे त्यांना कोणी सांगतही नाही.

धर्मामुळे घर सोडावं लागलेले द्युब्वा बरेच. लुई द्युब्वा नावाचा एक प्रोटेस्टंट लील शहराजवळचा, तो आधी जर्मनीत मानहाइमला गेला, तिथून अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वरच्या भागात. १६७७ मध्ये बारा जणांनी मिळून तिथल्या एसोपस या मूळ रहिवाशांकडून जमीन घेतली, त्यात हा होता, आणि गावाला नाव दिलं न्यू पाल्ट्झ, ज्या जर्मन मुलखाने आसरा दिला त्या फाल्ट्झची आठवण म्हणून. ती दगडी घरं अजून उभी आहेत.

अमेरिकेत नावाचा 'स' पुन्हा बोलू लागला, कारण वाचणारे अक्षराप्रमाणे वाचू लागले. वायोमिंगमध्ये या नावाचं गाव आहे, तिथल्या लोकांना गावाचं नाव नेव्हर स्वेट ठेवायचं होतं, पोस्ट खात्याने नाकारलं आणि आयडाहोचे सिनेटर फ्रेड डुबॉइस यांचं नाव दिलं, आणि तिथे कोणी ब्वा म्हणत नाही. पेनसिल्व्हेनियातलं डुबॉइस तर जॉन डुबॉइस या लाकडाच्या व्यापाऱ्याच्या नावाचं. नाव रानाचं आणि धंदा रान तोडण्याचा.

डच द्युब्वाही आहेत, यूजीन द्युब्वा (फॉर्म्युल्यातले यूजीन वेगळे) हे डॉक्टर १८८७ मध्ये डच सैन्यात भरती होऊन मुद्दाम आग्नेय आशियात गेले, माणसाचा पूर्वज शोधायला, आणि १८९१ मध्ये जावाला त्रिनिल इथे त्यांना कवटीचा वरचा भाग मिळाला, ज्याला आपण जावा मानव म्हणून शाळेत शिकलो. भारतात आलेले द्युब्वा म्हणजे मिशनरी आबे द्युब्वा, १७९२ ला आले, टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरकडे राहिले, देवीची लस लोकांनी घ्यावी म्हणून खपले आणि हिंदूंच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिलं जे कंपनी सरकारने विकत घेतलं. त्यातला बराच मजकूर आधीच्या एका फ्रेंच पाद्र्याच्या हस्तलिखितातून घेतलेला होता हे विसाव्या शतकात सिद्ध झालं, आणि हे सांगायलाच हवं कारण ते पुस्तक अजूनही लोक डोळे मिटून उद्धृत करतात.

पण या सगळ्या नावांत ज्यांच्यापाशी मी थांबले ते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत. १८६८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ग्रेट बॅरिंग्टनला जन्म, १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. आपलं मूळ ते न्यू पाल्ट्झच्याच त्या फ्रेंच कुळाशी जोडायचे. त्यांचे पणजोबा जेम्स गोरे, बहामात जमीनजुमला असलेले, आणि तिथल्या गुलाम बाईपासून त्यांना मुलं झाली. एक मुलगा अलेक्झांडर, त्याला भावासोबत कनेटिकटला शाळेत घातलं, पण जेम्स वारल्यावर गोऱ्या नातेवाइकांनी पोरांना शाळेतून काढलं आणि अलेक्झांडर चांभारकाम शिकायला लागला. आडनाव तेवढं राहिलं, बाकी काही हाताला लागलं नाही. त्याचा हा नातू. आपल्या नावाचा उच्चार कसा करायचा हे त्यांनी पत्रात लिहून सांगितलं होतं, शेवटचा स उच्चारायचा आणि जोर शेवटच्या भागावर द्यायचा. कोणी सुधारायला गेलं की अहो ते ब्वा असतं, तर ते चूक, त्यांच्या नावाचा उच्चार त्यांनीच सांगितलाय.

१९४६ मध्ये त्यांना मुंबईहून एक पत्र गेलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं बाबासाहेबांच्या वाचनात आलं होतं, अस्पृश्यांसाठीही तसंच काही करायचा विचार होता, म्हणून त्यांनी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. ३१ जुलैला डुबॉइसनी उत्तर दिलं की तुमचं नाव मला माहीत आहे आणि भारतातल्या अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. रानाकडच्या कुणाचं तरी आडनाव लावणारा एक माणूस आणि आंबडवे गावाची आठवण आडनावात बाळगणारा दुसरा. ती पत्रं आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अॅमहर्स्टला जपून ठेवली आहेत, ज्या लायब्ररीत आहेत तिला डुबॉइस यांचंच नाव आहे, आणि तिथे ते स सकटच म्हणतात.